मिग-२१ समजून घ्यायचं तर आधी त्याच्या नाकात बघा

मिग-२१ हे लढाऊ विमान कुठेही ठेवलेलं दिसलं, चौकात, कॉलेजच्या आवारात, म्युझियममध्ये, तर बाजूने फोटो काढून निघून जाऊ नका, आधी समोर जाऊन उभे राहा आणि नाकात बघा. एक गोल तोंड आहे आणि त्याच्या मधोमध एक टोकदार कोन, म्हणजे शंकू, बाहेर आलाय. इंजिनाला लागणारी हवा त्या कोनाभोवतीच्या गोल फटीतून आत जाते. विमान आवाजाच्या वेगापुढे गेलं की समोरची हवा तशीच इंजिनात सोडून चालत नाही, ती आधी मंद करावी लागते, आणि ते काम हा कोन करतो, त्याच्या टोकावरून शॉकवेव्ह, म्हणजे दाबल्या गेलेल्या हवेची लाट, निघते आणि वेग वाढेल तसा कोन पुढे सरकतो, म्हणजे ती शॉकवेव्ह योग्य जागी राहते. आता रडार कुठे बसवायचं? नाकाची सगळी जागा हवेच्या वाटेने घेतलेली, त्यामुळे रडारसुद्धा त्याच कोनाच्या पोटात.

मिग-२१ ची सगळी व्हर्जन्स, एफ-१३ पासून बायसनपर्यंत, समजून घ्यायची असतील तर मला ही नाकाचीच वाट सगळ्यात बरोबर वाटते. इंजिन बदललं, मिसाईल्स बदलली, कॉकपिट बदललं, कोन तिथेच राहिला, आणि आधुनिक लढाईत हे विमान कुठवर चालणार हे शेवटी त्यानेच ठरवलं.

मुळात हे विमान कशासाठी बनवलं होतं ते बघा. मिकोयान-गुरेविच या सोव्हिएत डिझाइन ऑफिसात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काम सुरू झालं, १९५५ मध्ये पहिली प्रोटोटाइप्स उडाली आणि १९५९ मध्ये विमान सोव्हिएत हवाई दलात आलं. काम ठरलेलं होतं. जमिनीवरचं रडार सांगेल तिकडे जायचं, झपाट्याने वर चढायचं, उंचावरून येणाऱ्या बॉम्बरला गाठायचं, मारायचं आणि परत यायचं. म्हणून एकच इंजिन, छोटंसं अंग, पातळ डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, पंख, आणि इंधन बेताचंच. पंखांचा पसारा सात मीटरच्या जरासाच वर! समोरून येणारं मिग-२१ डोळ्यांना फार उशिरा दिसतं, आणि हा गुण शेवटपर्यंत कामाला आला. सगळी मिळून ११ हजारांच्या वर विमानं बनली, आवाजापेक्षा जास्त वेगाने जाणारं दुसरं कुठलंही लढाऊ विमान एवढ्या संख्येने बनलेलं नाही.

पहिलं मोठ्या संख्येने बनलेलं व्हर्जन म्हणजे एफ-१३. त्यात गन होती, दोन के-१३ मिसाईल्स होती, आणि कोनात एक छोटं रेंज मोजणारं रडार, म्हणजे शत्रू शोधायचा पायलटनेच, डोळ्यांनी. के-१३ ची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर झालेल्या चकमकीत एक अमेरिकन साइडवाइंडर मिसाईल चिनी मिग-१७ मध्ये घुसलं पण फुटलंच नाही, ते तसंच्या तसं घेऊन विमान परत आलं, मिसाईल सोव्हिएत इंजिनियर्सच्या हाती लागलं आणि त्यावरून के-१३ तयार झालं.

पुढचं व्हर्जन पीएफ. आता कोनात खरं शोध घेणारं रडार हवं होतं, म्हणून कोन मोठा केला, कोन मोठा झाला म्हणून हवा कमी पडायला नको म्हणून तोंडही मोठं केलं, आणि त्या काळी जगभर सगळ्यांना वाटत होतं तसं यांनाही वाटलं की आता मिसाईलचा जमाना आला, गन काय करायची, तर गन काढूनच टाकली. अमेरिकनांनी त्यांच्या फँटम लढाऊ विमानात हेच केलं आणि व्हिएतनामवर त्याची किंमत मोजली. आपण १९६५ ला मोजली.

भारताने १९६२ मध्ये मिग-२१ चा करार केला, सोव्हिएत लोक नुसती विमानं देत नव्हते तर इथे बनवायचं लायसन्सही देत होते ही त्यातली मोठी गोष्ट. १९६३ मध्ये चंदीगडला २८ नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली, नावच फर्स्ट सुपरसॉनिक्स, आणि कमांडर विंग कमांडर दिलबाग सिंग, जे पुढे हवाई दलप्रमुख झाले. १९६५ च्या युद्धात मोजकीच विमानं होती आणि पायलट अजून विमान शिकत होते. ४ सप्टेंबरला विंग कमांडर वॉलन यांना पाकिस्तानचं सेबर लढाऊ विमान समोर मिळालं, त्यांनी दोन्ही के-१३ सोडली, एकही लागलं नाही, आणि मग हातात काहीच उरलं नाही कारण गनच नाही. दोन दिवसांनी पठाणकोटवर पाकिस्तानी सेबर आली आणि त्यांनी आपली दोन मिग-२१ जमिनीवरच जाळली. सुरुवात अशी झाली होती हे आता कोणाला फारसं आठवत नाही.

मग एचएएलने, म्हणजे आपल्या सरकारी विमान कंपनीने, बनवायला घेतलं ते एफएल, आपल्याकडचं टाइप ७७. एअरफ्रेम आपल्या नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. एफएलमध्येही आत गन नव्हती, पण १९६५ चा धडा ताजा होता म्हणून पोटाखाली २३ मिलिमीटर गनचा पॉड लावायची सोय करून घेतली. १९७१ मध्ये हीच गन कामाला आली. १२ डिसेंबरला जामनगरच्या बाजूला आलेलं पाकिस्तानी एफ-१०४ स्टारफायटर फ्लाइट लेफ्टनंट सोनी यांनी कच्छच्या आखातावर गाठलं आणि गनने पाडलं. तेव्हा स्टारफायटर म्हणजे सगळ्यात वेगवान म्हणून नावाजलेलं विमान. पूर्वेकडे तर मिग-२१ ने ज्यासाठी ते बनलंच नव्हतं ते काम केलं, गुवाहाटीहून उडून तेजगावच्या धावपट्टीवर ५०० किलोचे बॉम्ब टाकून ती बंद पाडली, त्यामुळे ढाक्यातली पाकिस्तानी विमानं जमिनीवरच अडकली, आणि १४ डिसेंबरला ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं मारली. दोन दिवसांनी शरणागती.

यानंतर टाइप ९६, म्हणजे एम आणि एमएफ. गन परत आत आली, कायमची. पंखांखाली दोनाऐवजी चार जागा झाल्या, रडार थोडं सुधारलं. याच सुमारास सोव्हिएत लोकांनी इंधनाची रड मिटवायला एसएमटी काढलं, पाठीवर मोठा कुबड काढून त्यात इंधन भरलं, तर विमान नीट उडेना, तोल बिघडला, मग कुबड परत लहान करावा लागला. म्हणजे बघा, एका छोट्या, हलक्या विमानात तुम्ही जे जे घालाल त्याची वसुली ते दुसरीकडून करतंच.

आणि मग बिस, आपल्याकडचं टाइप ७५, मला यातलं सगळ्यात आवडतं. कारण इंजिन! आर-२५. साध्या आफ्टरबर्नरवर (इंजिनाच्या मागे जास्तीचं इंधन जाळून) सात टनांच्या आसपास थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलायचा जोर, पण ४ हजार मीटरच्या खाली एक खास मोड होता, जास्तीत जास्त तीन मिनिटं वापरायचा, त्यात थ्रस्ट जवळजवळ १० टनांपर्यंत जायचा, आणि लढाईच्या वेळी विमानाचं वजनच नऊ टनांच्या आतबाहेर. म्हणजे त्या तीन मिनिटांसाठी १९५५ च्या सांगाड्यात बसलेला पायलट त्याच्यापेक्षा एक पिढी पुढच्या विमानासारखा सरळ वर चढू शकायचा. इंधन मात्र कसं जात असेल याचा विचार करा. ओझरला बिस १९८७ पर्यंत बनलं, आणि एचएएलची सगळी व्हर्जन्स धरून आकडा ६५७ झाला. नाशिक भागात वाढलेल्या माझ्या पिढीला तो आवाज सांगावा लागत नाही, खिडक्या थरथरायच्या आणि वर बघेपर्यंत विमान गेलेलं असायचं.

आता लढाईतल्या उपयोगाबद्दल. मिग-२१ चांगलं की वाईट असं सरळ विचारून उत्तर मिळत नाही, ते कोणाच्या डोळ्यांनी लढतंय हे विचारावं लागतं. व्हिएतनामचं बघा. उत्तर व्हिएतनामकडे थोडीशी मिग-२१, समोर अमेरिकेची फँटम्स आणि बॉम्ब टाकणारी थंडरचीफ्स, रडार त्यांचं चांगलं, मिसाईल्स जास्त. पण जमिनीवरचे कंट्रोलर मिगला अमेरिकन ताफ्याच्या मागे, वरच्या बाजूला आणून सोडायचे, मिग जोरात खाली यायचं, एक-दोन मिसाईल सोडायचं आणि न थांबता घरी. स्वतःच्या रडारची फारशी गरजच नाही. आणि हे कंट्रोलर फसले तर काय होतं तेही तिथेच दिसलं, २ जानेवारी १९६७ ला ऑपरेशन बोलोमध्ये अमेरिकन फँटम्स थंडरचीफ असल्याचं भासवत त्याच वाटेने आली, मिग ढगांतून वर आली तर समोर फँटम्स, अमेरिकनांनी सात मिग-२१ पाडल्याचं सांगितलं. विमान तेच आणि पायलटही तेच, फक्त त्यांना दाखवलं गेलेलं चित्र चुकलेलं होतं.

हे लक्षात ठेवून बायसनकडे या. १९९६ मध्ये १२५ बिस विमानं अपग्रेड करायचा करार झाला, पहिली दोन रशियात झाली, बाकी ओझरला. काय काय घातलं? कोप्यो नावाचं रडार, तेच कोनात बसणारं. आर-७७, म्हणजे स्वतःचं रडार असलेलं लांब पल्ल्याचं मिसाईल. आर-७३ आणि त्याबरोबर हेल्मेटवरचं साइट, पायलटने मान वळवून बघितलं की मिसाईल तिकडे बघतं, विमानाचं नाक तिकडे वळवावं लागत नाही. फ्रेंच नेव्हिगेशन, शत्रूचं रडार आपल्यावर आलं की सांगणारा भारतीय बनावटीचा रडार वॉर्निंग रिसिव्हर, शत्रूचं रडार गोंधळवणारा इस्रायली जॅमर पॉड. पुढची काच एकसंध केली, आधीच्या काचेच्या जाडजूड फ्रेममधून समोर बघणं म्हणजे शिक्षा होती.

फेब्रुवारी २००४ मध्ये ग्वाल्हेरला कोप इंडिया सराव झाला, अमेरिकन एफ-१५सी आली होती, आणि त्यानंतर अमेरिकन अधिकाऱ्यांनी बायसनचं नाव घेऊन कौतुक केलं. यावर आपल्याकडे खूप छाती फुगवून लिहिलं जातं, तर ते सराव कसे होते ते पण सांगायला हवं, एफ-१५ संख्येने कमी होती आणि त्यांनी लांब पल्ल्याच्या मिसाईलच्या वापरावर मर्यादा घालून घेतल्या होत्या. पण एवढं धरूनही जे दिसलं ते खरं होतं. सुखोई आणि मिराज समोर मोठ्या रडारने चित्र बघतायत, एफ-१५ चं लक्ष त्यांच्याकडे, आणि त्या गर्दीतून एक छोटंसं विमान, डोळ्यांना दिसत नाही, रडारवर उशिरा दिसतं, जॅमर लावून जवळ येतं आणि हेल्मेटने बघून आर-७३ सोडतं. जवळच्या लढाईत हेल्मेट आणि आर-७३ ही जोडी त्या काळी अमेरिकनांनाही घाम फोडणारी होती.

पण कोन! सुखोई-३० एमकेआयच्या नाकात जवळपास एक मीटर रुंदीचा अँटेना मावतो, बायसनच्या कोनात साधारण त्याच्या निम्मा. अँटेना लहान म्हणजे बीम पसरट, ताकद कमी, शत्रूच्या फायटरसाठी पल्ला ५०-६० किलोमीटरच्या घरात. मग आर-७७ लावून उपयोग किती? मिसाईल जिथवर जाऊ शकतं तिथवर बघायची नजरच नाही, समोरच्या एफ-१६ ला तुम्ही दिसणार त्याच्या बऱ्याच नंतर तो तुम्हाला दिसणार. म्हणजे परत तेच, दुसऱ्याच्या डोळ्यांनी लढायचं, आणि त्यासाठी आजच्या काळात लागते डेटालिंक, म्हणजे दुसऱ्याने बघितलेलं रेडिओवरून पोचवणारी जोडणी, न जॅम होणारी. अवॅक्स, म्हणजे पाठीवर मोठं रडार घेऊन उडणारं विमान, काय बघतंय ते चित्र बायसनच्या कॉकपिटमध्ये गुपचूप आलं पाहिजे.

२७ फेब्रुवारी २०१९ ला नेमकं इथेच दुखलं असं माझं मत आहे. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी विमानं आली, आपली सुखोई आणि मिराज हवेत होती, श्रीनगरहून बायसन स्क्रॅम्बल झाली, म्हणजे तातडीने उडाली. बायसनला तिथे ठेवायचं कारण चुकीचं नव्हतं, डोंगराच्या आडून पटकन वर येणारं विमान शत्रूला उशिरा दिसतं, आणि ती आल्याने समोरच्यांचा प्लॅन विस्कटला. पण परत फिरण्याची सूचना जॅमिंगमुळे बायसनमधल्या विंग कमांडर अभिनंदन यांच्यापर्यंत पोचली नाही अशा बातम्या आल्या, आणि बायसनकडे सुरक्षित रेडिओ-डेटालिंक नव्हती ही चर्चा त्यानंतर उघड झाली. त्यांनी एफ-१६ पाडलं असं भारताचं म्हणणं, त्यासाठी त्यांना वीरचक्र मिळालं, पाकिस्तान ते नाकारतं. तो वाद बाजूला ठेवा. कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाला लढाईचं चित्र मिळत नसेल तर हेल्मेट, आर-७३, जॅमर हे सगळं असून तो एकटा पडतो, आणि हे १९६७ च्या हनोईवरही तितकंच खरं होतं.

अपघातांबद्दल बोलल्याशिवाय मिग-२१ वर लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलेले आकडे असे, रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ पायलट गेले, ३९ नागरिक गेले. यात बाकीची मिगही आहेत, पण मोठा वाटा २१ चा. विमान अवघड होतं यात शंका नाही, लँडिंगलाच ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेग, डेल्टा पंख, वेग थोडा पडला की विमान दगडासारखं खाली बसायला लागतं, आणि इंजिन एकच. दोन सीटच्या ट्रेनरमध्ये तर मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरला समोरचं दिसावं म्हणून पेरिस्कोप लावावा लागला होता, विचार करा.

पण राग मला विमानाचा येत नाही, उशिराचा येतो. १९८२ मध्येच ला फाँटेन समितीने सांगितलं होतं की अ‍ॅडव्हान्स्ड जेट ट्रेनर घ्या. हॉक आलं २००८ मध्ये. मधल्या २६ वर्षांतली बरीच वर्षं विशीतली मुलं किरणसारख्या शांत ट्रेनरवरून थेट मिग-२१ च्या कॉकपिटमध्ये बसत होती, तेजपूरला. त्या मुलांपैकी किती जण ट्रेनर वेळेवर आलं असतं तर आज असते, हा प्रश्न ‘उडती शवपेटी’ म्हणून टाकलं की कोणी विचारतच नाही, सगळा दोष यंत्रावर जातो आणि फाईल दाबून बसलेले सुटतात. तेच तेजसचं. मिग-२१ ची जागा घ्यायला एलसीए, म्हणजेच तेजसचा, प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१, पहिली स्क्वाड्रन १ जुलै २०१६. मधल्या काळात जागा कोणी भरायची? मिग-२१ नेच. बायसन हे हौसेने केलेलं अपग्रेड नव्हतं, ती गरज होती. आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटची बायसन उतरली तेव्हा मंजूर ४२ स्क्वाड्रनच्या जागी २९ उरल्या.

आता मला ज्यात सगळ्यात जास्त रस आहे ती गोष्ट. नाकाची ही अडचण मिकोयानच्या लोकांना फार आधी कळली होती! १९६२ मध्ये त्यांनी ये-८ नावाचं प्रोटोटाइप उडवलं, मिग-२१ चंच अंग पण हवेचं तोंड पोटाखाली नेलं आणि नाक मोठ्या रडारसाठी मोकळं सोडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उड्डाणात नवीन इंजिन फुटलं, टेस्ट पायलट मोसोलोव्ह भयंकर जखमी झाले आणि प्रकल्प गुंडाळला. ते इंजिन चाललं असतं तर मिग-२१ चं पुढचं सगळंच वेगळं झालं असतं असं मला राहून राहून वाटतं. चिनी लोकांनी मिग-२१ चं जे-७ केलं आणि २०१३ पर्यंत बनवत राहिले, पंखांचा आकार बदलला, विमान लढाईत जास्त चपळ झालं, पण नाक तेच. शेवटी तिथेही १९८० च्या दशकात हवेची वाट बाजूंना नेऊन नाक मोकळं करायचा सुपर-७ प्रकल्प निघाला, आधी अमेरिकन ग्रुमनबरोबर, ते फिसकटलं, आणि पुढे त्या वाटेनेच जेएफ-१७ झालं, जे आज पाकिस्तान उडवतं. म्हणजे मिग-२१ ची नाक मोकळी झालेली शाखा आपल्या समोरच्या बाजूला उभी आहे.

तेजसमध्ये हवेची वाट बाजूंनी आहे, म्हणून त्याच्या नव्या एमके१ए व्हर्जनमध्ये एईएसए रडार, म्हणजे अँटेना न फिरवता बीम वळवणारं आधुनिक रडार, बसतंय, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकच्या लाइनवरचं पहिलं एमके१ए उडालं, जिथे मिग बनायची तिथेच.

आता पुढे लक्ष ठेवायचं ते जग्वारवर, आपल्या हवाई दलाच्या जमिनीवर हल्ला करणाऱ्या जुन्या विमानावर. जगात फक्त आपणच ते उडवतोय. त्याचं दुखणं मिगच्या उलट आहे, नाकात जागा होती म्हणून डॅरिन-३ अपग्रेडमध्ये एईएसए रडार बसलं, पंखावर एएसआरएएएम मिसाईल आलं, पण इंजिन अशक्त ते अशक्तच, आणि हनीवेलचं नवीन इंजिन घालायचा बेत किंमत फार झाली म्हणून २०१९ मध्ये सोडून दिला. बायसनला इंजिन होतं आणि नजर नव्हती, जग्वारला नजर आली आणि दम नाही. म्हणून त्याला समुद्रावरच्या आणि जमिनीवरच्या टार्गेटपुरतं ठेवावं, एअर डिफेन्सच्या रिकाम्या जागा भरायला काढू नये, कारण स्क्वाड्रन कमी पडल्या की हाताशी असलेलं विमान नको त्या कामाला लावायचा मोह होतोच, मिग-२१ च्या बाबतीत तो तीस वर्षं झाला.